पाऊण आटा

४ जानेवारी

मुलीने ही वही दिली. म्हणाली, "बाबा, निवृत्तीला दोन वर्षं उरली. रोज चार ओळी लिहायची सवय लावून घ्या, नाहीतर घरी बसून आईचं डोकं खाल." लग्न झाल्यापासून मुलगी फारच शहाणी झाली आहे.

तर मी कोण, तेही लिहून ठेवतो. शहर बससेवेच्या आगारातला मुख्य मेकॅनिक. नोकरी चौतीस वर्षं. मला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण बस फाटकातून आत वळतानाच आवाजावरून मी तिचं दुखणं सांगतो. आगारात चौऱ्याऐंशी बस, सगळ्या डिझेलच्या. फाटकासमोरचा रस्ता ओलांडला की आमचं घर आणि घराच्या पुढच्या खोलीत हिचं पाळणाघर. तिथे अकरा मुलं. मी चौऱ्याऐंशी सांभाळतो, ही अकरा सांभाळते, आणि संध्याकाळी जास्त दमलेली तीच असते.

वही कपाटावर, इंधनपंपाच्या जाड माहितीपुस्तकाखाली ठेवणार. त्या पुस्तकाला या घरात माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.

६ जानेवारी

आज पेपरात वाचकांच्या पत्रांत आमच्या आगारावर एक पत्र. सही "खिडकीवाली". सकाळी हिनेच मोठ्याने वाचून दाखवलं. आगाराच्या बस पहाटे अर्धा तास नुसत्या घुरघुरत उभ्या असतात, खिडकीच्या फळीवर बोटभर काजळी बसते, मुलं खोकतात, आणि तरी दर सहा महिन्यांनी सगळ्याच्या सगळ्या बस धुराच्या चाचणीत पास कशा होतात? बाईंचा अंदाज असा की चाचणीच्या आधी आम्ही इंजिनं साबणाने धुऊन काढत असू.

मी इतका हसलो की चहा नाकात गेला. साबणाने! ही म्हणाली, "मग कशी होतात पास?" मी म्हटलं, "तो धंद्याचा भाग आहे, तुला नाही कळायचं." ती कप उचलून आत गेली.

इथे लिहायला हरकत नाही. इंधनपंपाच्या मागच्या अंगाला, दोन बोल्टांच्या टोपणाखाली एक स्क्रू असतो. इंजिनाला जास्तीत जास्त डिझेल किती मिळणार ते त्याच्या हातात. चाचणीच्या दोन दिवस आधी आम्ही तो पाऊण आटा, म्हणजे पाऊण फेरा, मागे घेतो. इंजिनाला खायला कमी, म्हणून धूर कमी, यंत्रावर आकडा मर्यादेच्या आत. याला आगारात "बस पथ्यावर ठेवणे" म्हणतात. चाचणी झाली की पथ्य सुटतं, स्क्रू जागच्या जागी. नाहीतर भरलेली बस चढावर रडते आणि ड्रायव्हर माझ्या नावाने. ही युक्ती बावीस वर्षांपूर्वी मीच काढली. मेकॅनिकमंडळी सोडून बाहेरच्या कोणाला मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

७ जानेवारी

भाजीत मीठ कमी पडायला लागलं आहे. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ही हात आखडता घेते. बोलायची सोय नाही. निळ्या स्वेटरचं कोपरही फाटलंय, पण आधीच तिला कामं काय कमी आहेत.

९ जानेवारी

स्वेटर रफू होऊन खुंटीवर. भाजी झकास. बत्तीस वर्षांच्या संसारात माणूस मनातलं ओळखायला लागतं ते असं.

१६ जानेवारी

माझ्या तोंडचं पाणी पळालंय. खिडकीवालीचं दुसरं पत्र. या वेळी साबण वगैरे काही नाही. सरळ लिहिलंय: "पंपाच्या मागच्या अंगाला, टोपणाखालचा स्क्रू पाऊण आटा मागे घेतात. याला पथ्य म्हणतात." पथ्य! अवतरणचिन्हांत!

आगारात नुसता हलकल्लोळ. साहेबांनी, म्हणजे आगारप्रमुखांनी, आम्हा सहाही मेकॅनिकना खोलीत उभं केलं. "घरभेदी कोण?" एकजण म्हणाला, देवाशपथ मी नाही. दुसरा म्हणाला, मला तर पत्र लिहिताच येत नाही. मी सर्वांत जोरात ओरडलो, कारण सर्वांत जास्त राग मला आला होता.

माझा संशय हेडक्लार्कवर. त्यांना आम्ही शंकासुर म्हणतो. कागदाला कागद जुळेना की ते कामाच्या जागी येऊन आमच्या खांद्यावरून बघत बसतात. पाऊण आटा त्यांनीच पाहिला असणार.

हिला सांगितलं तर म्हणाली, "बिचारे क्लार्क. उगाच कोणावर आळ घेऊ नका."

१८ जानेवारी

सापळा लावला. शंकासुरांच्या टेबलाजवळ उभं राहून मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "यंदा पाऊण पुरत नाही, दीड आटा घ्यावा लागतो." आता पेपरात दीड आटा आला की चोर सापडला. हा बेत फक्त मला आणि या वहीला माहीत आहे.

२२ जानेवारी

चाचणी झाली. पेपरात येऊनही साहेब म्हणाले, "नेहमीसारखंच करा. इतक्यात बदललं तर लोकांना वाटेल खरंच काही होतं." चौऱ्याऐंशीपैकी चौऱ्याऐंशी पास.

२५ जानेवारी

सगळ्या बसचं पथ्य सुटलं. आणि खिडकीवालीचं तिसरं पत्र आलं. पाऊणचा पाऊणच. वर शेवटी एक ओळ: "शोध घेणाऱ्यांनी गरीब कारकुनांसाठी सापळे लावून वेळ दवडू नये."

मी पत्र चार वेळा वाचलं. ही बाई आहे की भूत? शंकासुरांची मनातल्या मनात माफी मागितली. उघड मागितली असती तर त्यांना नवीन शंका आली असती.

ही मुलांची दुपटी वाळत घालत होती आणि गुणगुणत होती. मी म्हटलं, "तुझं बरं आहे. इथे आमची झोप उडाली." म्हणाली, "उडू दे थोडी."

२९ जानेवारी

आज विनोद सुचत नाही.

पाळणाघरात एक चार वर्षांची मुलगी आहे. आई इस्पितळात नर्स, तिची पाळी लवकर सुरू होते म्हणून ही पोर सर्वांच्या आधी येते. सारखी चिवचिव, म्हणून चिमणी. मला बसआजोबा म्हणते, आणि अरेतुरे करते. सकाळी मी बूट घालत होतो तेवढ्यात हिने हाक मारली. तशी हाक मी कधी ऐकली नव्हती. चिमणीचा श्वास अडकला होता. खांदे वर वर जात होते आणि आवाज नुसता शिटीसारखा. हिने तोंडाला दम्याचा पंप लावला. खिडकीच्या समोर, बरोबर समोर, बारा नंबरची बस उभी होती आणि इंजिन चालू. मी एका पायात बूट घालून धावलो, केबिनमध्ये चढलो आणि इंजिन बंद केलं. ड्रायव्हर बाहेर चहा पीत होता. त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पोर दहा मिनिटांत सावरली आणि मला म्हणाली, "तुझा एकच बूट आहे?"

बारा नंबरचं पथ्य मी माझ्या हाताने सोडलं होतं. चार दिवसांपूर्वी.

३० जानेवारी

चिमणीची आई संध्याकाळी येऊन बोलली. मुलांचे डॉक्टर म्हणतात, या रस्त्यावर ठेवू नका. मार्चअखेर ती दुसरीकडे सोय बघणार. "मावशी, तुमच्यासारखं कोणी मिळायचं नाही," म्हणाली आणि हिच्या गळ्यात पडून रडली. ही नंतर बराच वेळ खिडकीची फळी पुसत होती. फडकं काळं, दुसरं फडकं काळं, तिसरंही काळं.

२ फेब्रुवारी

साहेबांनी खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. तेव्हाच कळलं काहीतरी मोठं आहे. नगरसभेची इंधन धोरण समिती वीस तारखेला सुनावणी घेणार. नव्या साठ बस घ्यायच्या आहेत. डिझेलच्या घ्यायच्या की विजेच्या? आणि धुराच्या चाचणीचे नियम बदलायचे का? आमचं म्हणणं एका वाक्याचं: चौऱ्याऐंशी बस, चौऱ्याऐंशी पास, मग डिझेलचं काय वाईट आहे? ते वाक्य तज्ज्ञ म्हणून मी बोलायचं.

"आणि डॉक्टर," साहेब म्हणाले, "नव्या डिझेल बस आल्या की तुमच्यासारखा हात लागणारच. निवृत्तीनंतर आणखी पाच वर्षं तुम्हाला ठेवून घेतो. शब्द आहे माझा."

खरं सांगतो, आनंद झाला. विजेच्या बसला आवाजच नाही म्हणतात. मग डॉक्टर ऐकणार काय आणि सांगणार काय? घरी बसलेला मी माझ्याच डोळ्यांसमोर येत नाही.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "जा ना. विचारतील ते खरं खरं सांगा." एवढंच. मला वाटलं होतं अभिनंदन करेल.

११ फेब्रुवारी

भाषण लिहायला बसलो. "आमच्या सर्व बस चाचणीत उत्तीर्ण आहेत." हे वाक्य खोटं नाही. सात वेळा लिहिलं आणि सात वेळा खोडलं.

नव्या डिझेल बस घेतल्या तर बारा वर्षं चालवणार. बारा वर्षांनी चिमणी सोळा वर्षांची असेल. हा हिशेब भाषणात घालायचा नाही, पण डोक्यातून जातही नाही.

१२ फेब्रुवारी

कोणाला विचारावं? हिला विचारलं तर ती एका शब्दात उत्तर देईल आणि ते उत्तर मला माहीत आहे. म्हणून नाही विचारत. मी भित्रा आहे असं इथे लिहून टाकतो, म्हणजे बाहेर म्हणावं लागणार नाही.

१३ फेब्रुवारी

सकाळी ही उगाचच माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. कारण विचारलं तर म्हणाली, "सहज."

२० फेब्रुवारी

सगळं जसं झालं तसं लिहितो.

ही सकाळी म्हणाली, आज पाळणाघराला सुट्टी, दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. मी इस्त्रीचा शर्ट घातला, भाषणाचा कागद खिशात ठेवला आणि बारा नंबरने साहेबांबरोबर नगरसभेत गेलो. सभागृह भरलेलं. समोर समितीची सात माणसं, मध्ये अध्यक्षबाई, चष्मा नाकाच्या टोकावर. साहेबांनी प्रमाणपत्रांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "पत्रलेखिका खिडकीवाली यांना आपण पेपरामार्फत बोलावलं होतं. आल्या आहेत का?"

मागून आवाज आला, "आलेय."

तो आवाज मी बत्तीस वर्षं ऐकतोय. चौऱ्याऐंशी बसचे आवाज ओळखणाऱ्या माणसाला मान वळवून बघायची गरज नव्हती, तरी मी वळवली. आमची ही! हातात खिडकी पुसायच्या फडक्यांचं गाठोडं.

ती घाबरली नाही. एकेक फडकं टेबलावर मांडत गेली. सोमवारचं, मंगळवारचं, बुधवारचं. म्हणाली, "माझ्याकडे अकरा मुलं असतात. त्यांच्यापैकी तिघांना दम्याचा पंप लागतो. फळी पुसली की काजळी फडक्यात येते, मुलांची छाती मी कशाने पुसू? डिझेल स्वस्त पडतं म्हणून बस घेता, मग या तीन मुलांच्या औषधपाण्याचा विचारही त्यातच करा. आणि चाचणी अमुक तारखेला येतो असं सांगून कशाला घेता? कधीही या, रस्त्यात थांबवा आणि घ्या."

मग तिने स्क्रूचं सांगितलं. साहेब हसले. "पंप सीलबंद असतो. तो स्क्रू फिरवून धूर कमी होणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे. बाईंना स्क्रू आणि खिळा यातला फरक तरी माहीत आहे का?" सभागृह खो खो हसलं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

ही म्हणाली, "ते नाही सांगणार."

"नाव नसेल तर नोंद करता येणार नाही, बाई."

"नका करू. पण नाव नाही सांगणार." आणि तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. एकदाही नाही. मला नोकरीत, लोकांत खाली बघावं लागू नये म्हणून ती तिथे एकटी हसं करून घेत उभी होती.

साहेब म्हणाले, "आमचे मुख्य मेकॅनिक इथेच आहेत. त्यांनाच विचारा अशक्य आहे की नाही."

मी उठलो. खिशातला कागद काढला नाही. एक तर माझ्या बायकोला हसले होते. दुसरं, बावीस वर्षं मी जे बिनचूक करत आलो ते साहेबांनी अशक्य म्हटलं होतं. कुठल्या गोष्टीचा राग जास्त आला ते अजून ठरवता येत नाही.

"शक्य आहे," मी म्हटलं. "पाऊण आटा. एक घेतला तर बस चढावर बंद पडते, अर्धा घेतला तर आकडा मर्यादेत येत नाही. सील काढून परत लावता येतं. हे मी करतो. बावीस वर्षं मीच करतोय. बाईंनी सांगितलं त्यातलं अक्षरन्‌अक्षर बरोबर आहे."

इतकी शांतता झाली की पंख्याच्या बेअरिंगमध्ये तेल नाही हेही मला ऐकू आलं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "दाखवता?"

सगळी समिती अंगणात आली. बारा नंबर उभीच होती. समितीच्या माणसाने धूर मोजायचं यंत्र लावलं. मर्यादा पासष्ट. आहे त्या अवस्थेत आकडा आला ब्याऐंशी. मी टोपण काढून स्क्रू पाऊण आटा मागे घेतला. एकोणसाठ. पुन्हा पुढे केला. ब्याऐंशी. सात मिनिटं लागली. सदस्यांनी नाकाला रुमाल लावले होते आणि एकाने विचारलं, "रोज अशा चौऱ्याऐंशी?" मी म्हटलं, "काही याहून वाईट आहेत." साहेबांचा चेहरा मी बघितला नाही.

परतताना साहेबांच्या बसमध्ये कोण बसणार? आम्ही दोघं चालत निघालो. अर्धा रस्ता संपला. मग विचारलं, "तुला कळलं कुठून?"

"वहीतून."

"माझ्या वहीतून? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. त्या पुस्तकावरची धूळ मीच पुसते हो."

"म्हणजे मीठ? स्वेटर?"

"तेही."

मी चिडलो. रस्त्यात थांबून चिडलो. दुसऱ्याची वही वाचायची म्हणजे काय, विचारायला तोंड नव्हतं का? तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चुकलं माझं. पण तोंडाने विचारलं होतं, तेव्हा धंद्याचा भाग आहे म्हणालात. वहीत तुम्ही खरं बोलता. मला त्या वहीतल्या माणसाशी बोलायचं होतं."

मी पुन्हा चालायला लागलो.

"आणि भित्रा म्हणून लिहिलंत ना," ती पुढे म्हणाली, "ते आज खोडा."

२१ फेब्रुवारी

नाही खोडलं. त्या दिवशी खरंच होतो.

२४ फेब्रुवारी

कारणे दाखवा नोटीस आली. पाच वर्षांचा शब्द साहेबांनी परत घेतला, तोही एका ओळीच्या कागदावर. ड्रायव्हर दोन दिवस बोलत नाहीत. शंकासुर मात्र येऊन हातात हात घेऊन गेले. म्हणाले, "मला शंका होतीच."

निवृत्तीपर्यंत नोकरी शाबूत राहील असं दिसतं, कारण समितीने साहेबांना लेखी विचारलंय की बावीस वर्षं तुम्ही आणि तुमच्या आधीचे काय बघत होतात.

४ मार्च

समितीचा अहवाल. नव्या साठ बस विजेच्या घ्याव्यात. जुन्या टप्प्याटप्प्याने काढाव्यात, तोवर त्यांना कमी गंधकाचं डिझेल द्यावं. चाचणी न सांगता, कधीही, रस्त्यावरसुद्धा. पंपावर सील समितीचं. नगरसभेचं मतदान अजून व्हायचंय, म्हणून उड्या मारत नाही. बसल्या जागी थोडी मारली.

विजेच्या बसच्या प्रशिक्षणाला माझं नाव गेलंय. वर्गात बाकी सगळे माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत.

९ मार्च

आज समितीची माणसं न सांगता आली; तपासणीला मतदान लागत नाही म्हणे. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुठल्याही बसला पथ्य नव्हतं. सकाळी सातला सुरुवात, दुपारी तीनला शेवटची बस. मी प्रत्येक बसजवळ उभा राहिलो आणि हात खिशात ठेवले. ते सर्वांत अवघड होतं, हात सारखे स्क्रूकडे जायचे. नापास बस बाजूच्या रांगेत लावत गेलो. ती रांग संपेना, शेवटी फाटकापाशी जाऊन टेकली. बारा नंबर तिसरीच नापास. एक ड्रायव्हर जवळजवळ रडकुंडीला आला, "डॉक्टर, हिला तरी वाचवा." मी म्हटलं, "दुखणं लपवलं म्हणून तर ही वेळ आली." शेवटी तक्त्याखाली आगारातर्फे सही करायची होती. साहेबांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. त्यांना वाटलं मी कचरेन. मी केली.

घरी आलो तर पाळणाघर चालू होतं. रस्ता शांत, कारण नापास बस दुरुस्तीशिवाय निघणार नव्हत्या. चिमणी खिडकीत. "बसआजोबा, बस कुठे गेल्या?" मी म्हटलं, "नापास झाल्या." तिने विचार केला. "मग आता अभ्यास करतील?" तिच्या आईने सोय बघणं जूनपर्यंत थांबवलंय. बघू म्हणाली. बघू म्हणाली हेही आज पुष्कळ आहे.

मुलं गेल्यावर हिने विचारलं, "किती पास झाल्या?" मी म्हटलं, "थांब, लिहितो." आता ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आहे आणि चष्मा लावून उघड उघड या पानात डोकावते आहे. तर लिहितो. चौऱ्याऐंशीपैकी सत्तावीस.